हाताला लागेल असं स्मारक

प्रति,
वॉशिंग्टन, मेरीलँड आणि उत्तर व्हर्जिनिया परिसरातल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते, तसंच दर वसंतात भारतातून आलेल्या आई-वडिलांना चेरीचा बहर दाखवायला नेणारी सगळी मराठी कुटुंबं यांस,

सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर टायडल बेसिन तळ्याची सहल ठरू लागते. बहर कोणत्या आठवड्यात असेल, गाडी कुठे लावायची, मेट्रोने गेलं तर किती चालावं लागेल, डबे कोण आणणार, सगळं ठरतं. जेफर्सन स्मारकाच्या पायऱ्यांवर एक फोटो होतो, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या शिल्पासमोर दुसरा. या दोन फोटोंच्या मधल्या वाटेवर, पाण्याच्या पश्चिमेला, साडेसात एकरांवर फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं स्मारक पसरलेलं आहे. आपण त्यातून चालत जातो, पाण्याच्या धारांपाशी जरा थांबतो आणि पुढे निघतो.

माझ्या दोन विनंत्या आहेत. या वर्षी त्या स्मारकात निदान तासभर थांबा. आणि तिथल्या ब्राँझच्या उठावशिल्पांवर जे ब्रेल कोरलं आहे, त्याबद्दल नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आपल्या सगळ्या मंडळांच्या वतीने एक मागणी करू या. पहिलीसाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. दुसरीसाठी तुमचं बळ हवं, म्हणून हे पत्र.

मी महाराष्ट्रात बरीच वर्षं अंध मुलांना ब्रेल शिकवलं. आता मुलाच्या कुटुंबासोबत मेरीलँडमध्ये राहते. हे सांगितलं ते एवढ्यासाठी की पुढे ठिपके, उंची, मिलिमीटर असल्या गोष्टी येणार आहेत आणि त्या मी कशाच्या आधारावर बोलते ते तुम्हाला कळावं.

आधी रूझवेल्ट यांच्याबद्दल. ऑगस्ट १९२१ मध्ये कॅनडातल्या कँपोबेलो बेटावर सुटीला गेलेले असताना ते तापाने आजारी पडले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या कमरेखालचं बळ गेलं. वय ३९. निदान पोलिओचं झालं. पुढे उरलेल्या आयुष्यात ते आधाराशिवाय कधीच चालू शकले नाहीत. याच माणसाने न्यूयॉर्कचं गव्हर्नरपद सांभाळलं आणि मार्च १९३३ पासून १२ एप्रिल १९४५ ला मृत्यू येईपर्यंत अमेरिकेचं अध्यक्षपद सांभाळलं. चार वेळा निवडून आलेला दुसरा अध्यक्ष या देशाला नाही. महामंदी आणि महायुद्ध ही दोन्ही संकटं त्यांच्याच कारकिर्दीतली.

भाषणाला उभं राहायचं तर पायांना पोलादी कॅलिपर बांधून, गुडघ्याशी कुलूप लावून, मुलाच्या किंवा मदतनिसाच्या दंडाला धरून उभं राहायचं. पँटखालून चमकू नयेत म्हणून कॅलिपर काळ्या रंगाने रंगवलेले असत. रोजच्या वावरासाठी त्यांनी स्वतःच्या सोयीची खुर्ची करून घेतली होती. साधी, बिनहाताची लाकडी खुर्ची आणि तिला चाकं, अरुंद दारातूनही जाईल एवढीच रुंद. त्या खुर्चीत बसलेल्या रूझवेल्ट यांचे फोटो बोटांवर मोजण्याइतके आहेत. वार्ताहर सहसा असे फोटो काढत नसत, आणि कुणी काढायला गेलंच तर सुरक्षारक्षक आडवे येत. त्यांना पोलिओ झाला होता हे लोकांना माहीत होतं. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या उष्ण झऱ्यांची जागा त्यांनी १९२६ मध्ये विकत घेतली आणि पोलिओग्रस्तांसाठी उपचारकेंद्र उभं केलं, हेही काही लपलेलं नव्हतं. पण आपला अध्यक्ष रोज किती कष्टाने उठतो, बसतो, गाडीत चढतो हे लोकांच्या नजरेपासून दूर ठेवलं गेलं.

१ मार्च १९४५ ला, याल्टाच्या युद्धकालीन परिषदेहून परतल्यावर ते काँग्रेससमोर बसून बोलले. आपल्या पायांना दहा पौंड पोलाद बांधलेलं असतं, ते वागवायचं नसलं की फार सोपं जातं, तेव्हा बसून बोलतो आहे त्याबद्दल माफ करा, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलं. जाहीर व्यासपीठावरून त्यांनी इतकं उघड कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर सहा आठवड्यांनी ते गेले.

आता स्मारकात येऊ. लॉरेन्स हॅल्प्रिन यांनी रचलेलं हे स्मारक २ मे १९९७ ला खुलं झालं. छप्पर नसलेली चार दालनं आहेत, अध्यक्षपदाच्या चार कारकिर्दींची चार. भिंती लालसर ग्रॅनाइटच्या, आणि दालनागणिक पाण्याचं रूप बदलत जातं. पहिल्या दालनात रॉबर्ट ग्रॅहम यांचं ब्राँझचं उठावशिल्प आहे: १९३३ च्या शपथविधीच्या दिवशी उघड्या मोटारीतून लोकांना हात करणारे रूझवेल्ट. या शिल्पासमोर थांबा. उघड्या मोटारीत सगळेच बसलेले असतात. मोटारीतला रूझवेल्ट हा इतर कुणाहीसारखा माणूस दिसे, म्हणूनच त्यांना मोटारीतून लोकांना भेटायला, मोटारीतूनच भाषण करायला आवडे. शिल्पकाराने तो क्षण तसाच्या तसा उचलला आहे. जनतेने रूझवेल्ट यांना जसं पाहिलं तसे ते इथे आहेत.

पुढे तिसऱ्या दालनात नील एस्टर्न यांचा मोठा पुतळा आहे. रूझवेल्ट बसलेले, अंगावरचा लांब झगा पार खालपर्यंत आलेला, शेजारी त्यांचा कुत्रा फाला. येणाऱ्या पोरांनी हात फिरवून फिरवून फालाचे कान उजळून टाकले आहेत. खुर्ची झग्याखाली जवळजवळ झाकली गेली आहे, मागे जाऊन वाकून बघाल तर छोटी चाकं दिसतील. स्मारक खुलं होण्याआधीपासून अमेरिकेतल्या अपंगांच्या संघटना नेमकं हेच विचारत होत्या. रूझवेल्ट यांनी जे राजकारणासाठी लपवलं ते आम्ही १९९७ मध्येही लपवायचं का? आमच्यासारखाच एक माणूस या देशाचा अध्यक्ष होता हे आमच्या मुलांना दगडात आणि ब्राँझमध्ये दिसू नये का? त्यांनी निदर्शनं केली, काँग्रेसने कायदा केला, आणि नॅशनल ऑर्गनायझेशन ऑन डिसॅबिलिटी या संस्थेने १६ लाख ५० हजार डॉलर लोकांकडून उभे केले. १० जानेवारी २००१ ला प्रवेशापाशी नवा पुतळा बसला: चाकांच्या खुर्चीत बसलेले रूझवेल्ट, प्रत्यक्ष माणसाच्या आकाराचे, चौथऱ्यावर न चढवता जमिनीवर ठेवलेले. शिल्पकार तेच, रॉबर्ट ग्रॅहम. मागच्या भिंतीवर रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांचे शब्द आहेत. त्यांचा मराठीत भाव असा: फ्रँकलिनच्या आजाराने त्याला पूर्वी नसलेलं बळ आणि धैर्य दिलं, जगण्याच्या मुळाशी काय आहे याचा त्याला विचार करावा लागला आणि सगळ्यांत मोठा धडा शिकावा लागला, अपार धीर आणि कधीही न थकणारी चिकाटी.

चाकाच्या खुर्चीतून आलेला माणूस त्या पुतळ्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकतो. मला या सगळ्या स्मारकात याहून चांगली गोष्ट दिसत नाही.

पण माझं खरं म्हणणं दुसऱ्या दालनाबद्दल आहे. तिथे ग्रॅहम यांनीच केलेलं सर्वांत मोठं काम आहे. ब्राँझची पाच मोठी पटलं, आणि त्यांच्यासमोर पाच खांब, ज्यांवर त्याच पटलांचे उलटे ठसे गुंडाळले आहेत. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने सुरू केलेले ५४ कार्यक्रम या पटलांवर आहेत: रोजगाराचे, वीज गावोगाव नेण्याचे, म्हातारपणच्या पेन्शनचे, जंगलं लावण्याचे. चेहरे आहेत, हात आहेत, कामाला लागलेली माणसं आहेत, आणि सगळीकडे ब्रेल आहे. अपंगत्वासह जगलेल्या अध्यक्षाचं स्मारक अंध माणसालाही वाचता यावं, हा हेतू. हेतू उत्तमच. स्मारक खुलं झालं आणि अंध मंडळी वाचायला आली. तेव्हा कळलं की ठिपके इतके मोठे आणि इतके लांब लांब आहेत की ते वाचताच येत नाहीत. शिवाय काही मजकूर आणि काही शिल्पं जमिनीपासून आठ फुटांवर आहेत.

आठ फूट. हात वर करून, टाचा उंचावून तुम्ही-मी कशाला हात लावू शकतो ते घरच्या भिंतीवर करून पाहा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा तर प्रश्नच नाही. या देशाचे सुगम्यतेचे जे नियम आहेत त्यांत हाताने वाचायची पाटी जमिनीपासून ४८ ते ६० इंचांच्या दरम्यान असावी असं सांगितलेलं आहे. आठ फूट म्हणजे ९६ इंच.

उंचीचं चटकन कळतं. आकाराचं कळत नाही, म्हणून ते नीट सांगते, कारण डोळस माणसं इथे प्रामाणिकपणे फसतात. ब्रेलचं एक अक्षर म्हणजे सहा ठिपक्यांचं एक घर, तीन-तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी. दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण अडीच मिलिमीटर. हे माप कुणी सोयीने ठरवलेलं नाही. बोटाच्या टोकाच्या गादीखाली अख्खं घर एकाच वेळी मावावं, एवढंच ते असतं. वाचणारा माणूस ठिपके मोजत नाही. बोट डावीकडून उजवीकडे सरकत राहतं आणि प्रत्येक घराचा आकार एकदम जाणवतो. छापील अक्षर दहा पट मोठं केलं तर डोळ्यांना सोपं जातं. ब्रेलचं अक्षर मोठं केलं की बोटाखाली एका वेळी एकच ठिपका येतो, दुसरा ठिपका कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि अक्षर मोडून जातं. पहिलीतल्या मुलाला ब्रेलपाटीवर ठिपके पाडायला शिकवताना मी हेच सांगायचे की ओळ सोडू नकोस, जागा वाढवू नकोस, नाहीतर तुझं तुलाच वाचता येणार नाही.

आपल्या मंडळींसाठी इथे एक जवळची गोष्ट आहे. मराठीची भारती ब्रेल आणि इंग्रजीचं ब्रेल हे याच सहा ठिपक्यांवर चालतात आणि कितीतरी खुणा दोन्हींत सारख्याच आहेत. मराठीतला ‘क’ आणि इंग्रजीतला ‘के’ बोटाला एकच लागतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या अंधशाळेत शिकून, कॉलेज करून, इथल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे आलेला माणूस त्या पटलापाशी उभा राहिला, तर भाषेमुळे त्याचं काही अडायचं कारण नाही. तिथे अडतं ते मापामुळे.

ते ब्रेल शिल्पाचाच एक भाग आहे, ते वाचण्यासाठी नाही, डोळस माणसाला आठवण देण्यासाठी आहे, अशी बाजू घेता येते. मी तिचा विचार केला आहे. उठावशिल्पाबाबत मला ती मान्य होत नाही. उठावशिल्प म्हणजे सपाट पृष्ठभागातून आकार बोटभर वर आलेला असतो. चित्र अंध माणसाच्या वाट्याला येत नाही. भव्य पुतळा तुकड्यातुकड्यांनीच हाताला लागतो, आणि वरचा भाग लागतच नाही. उठावशिल्प मात्र हातभर रुंदीत सबंध दृश्य देऊ शकतं: माणूस कुठे आहे, झाड कुठे, हात कुणाकडे पसरलेला आहे. आम्ही वर्गात पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून गोदावरी करायचो आणि वाळूच्या कागदाचे कपटे कापून सह्याद्री. मुलं नाशिकपासून बोट सुरू करायची आणि नांदेडपर्यंत आपली आपण जायची. उंचवट्याने शिकणाऱ्या माणसाला हा कलाप्रकार जितका देऊ शकतो तितका दुसरा कुठलाच देऊ शकत नाही. म्हणूनच त्या प्रकारात केलेलं, त्याच माणसाला बोलावणारं काम त्याच्या हाताबाहेर राहावं याचं मला दुःख होतं. आमंत्रण ब्राँझमध्ये ओतलेलं आहे आणि ज्याला पाठवलं त्याला ते वाचता येत नाही.

ग्रॅहम २००८ मध्ये वारले. त्यांच्या शिल्पाला हात लावा, ते काढा, बदला असं मी मुळीच म्हणत नाही. मूळ काम आहे तिथे, आहे तसं राहावं. त्याच्याजवळ, जमिनीपासून तीन-चार फुटांवर, पटलांच्या लहान आकाराच्या ब्राँझ प्रती बसवाव्यात आणि प्रत्येकीखाली योग्य मापाच्या ब्रेलमध्ये मजकूर द्यावा. चाकाच्या खुर्चीचे पुढचे भाग खाली सरकतील अशी मोकळी जागा ठेवावी. एवढीच मागणी. ती अशक्य आहे असं कुणी म्हणू लागलं तर प्रवेशापाशी बसलेल्या रूझवेल्ट यांच्याकडे बोट दाखवता येईल. हे स्मारक एकदा लोकांच्या मागणीवरून बदललं आहे, कायद्याने बदललं आहे, लोकांच्या पैशाने बदललं आहे.

आणखी एक उठावशिल्प सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते करणाऱ्या बाईंचं नाव सेल्मा बर्क. जन्म १९०० चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या मूर्सव्हिल गावातला. कृष्णवर्णीय घरातली मुलगी, लहानपणी घराजवळच्या मातीशी खेळता खेळता आकार काढायला लागलेली. आधी नर्सिंग शिकल्या, मग शिल्पकला. वॉशिंग्टनमधल्या रेकॉर्डर ऑफ डीड्सच्या, म्हणजे दस्तनोंदणीच्या, कचेरीसाठी रूझवेल्ट यांचं ब्राँझचं उठावशिल्प करण्याची स्पर्धा त्यांनी जिंकली. फोटोंवरून मनासारखी बाजूची चेहरेपट्टी मिळेना, म्हणून त्यांनी सरळ व्हाइट हाउसला पत्र लिहिलं. बोलावणं आलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये अध्यक्षांना समोर बसवून त्यांनी खाटकाकडे मटण बांधायला वापरतात तसल्या तपकिरी कागदावर रेखाटनं केली. शिल्प लोकांसमोर यायच्या आत रूझवेल्ट गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये त्याचं अनावरण झालं तेव्हा ट्रुमन अध्यक्ष होते. फार तरुण दिसतात, असं एलिनॉरबाईंचं मत पडलं होतं. मी हे आजसाठी केलेलं नाही, उद्यासाठी आणि परवासाठी केलं आहे, अशा अर्थाचं उत्तर बर्क यांनी दिलं.

बर्क यांचं काम नुसत्या मानेपर्यंतच्या चेहऱ्याचं आहे, त्यात पायांचा, खुर्चीचा प्रश्न येत नाही. तरी मला ते या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं. वॉर्म स्प्रिंग्जच्या केंद्रात त्या काळी काळ्या रुग्णांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी अलाबामातल्या टस्कीगीला वेगळं पोलिओ केंद्र निघालं ते १९४१ मध्ये. रूझवेल्ट यांच्या नावावर जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना छावण्यांत डांबण्याचा १९४२ चा हुकूमही आहे. स्मारक दाखवताना हे गाळू नका. पाहुण्यांना सांगा. त्यांना हेही सांगा की १ जुलै १९४२ ला, ‘चले जाव’च्या जरा आधी, गांधीजींनी याच माणसाला पत्र लिहिलं होतं. आपल्या माणसांना तेवढा धागा पुरतो आणि मग ती नीट ऐकतात.

आणि रूझवेल्ट यांचं सगळ्यांत छोटं उठावशिल्प आत्ता तुमच्या खिशात असेल. दहा सेंटचं नाणं, डाइम. ३० जानेवारी १९४६ ला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, ते चलनात आलं. डाइमच का? रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये पोलिओविरुद्ध जी राष्ट्रीय संस्था उभी केली तिच्यासाठी लोकांनी एकेक डाइम व्हाइट हाउसला टपालाने पाठवावं असं आवाहन झालं होतं, आणि नाण्यांचा पाऊस पडला. ‘मार्च ऑफ डाइम्स’ हे नाव तिथूनच. त्या पैशावर जोनास सॉल्क यांचं संशोधन उभं राहिलं आणि १२ एप्रिल १९५५ ला, रूझवेल्ट यांच्या दहाव्या स्मृतिदिनी, लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. नाण्यावरचा चेहरा टांकसाळीतल्या जॉन सिनॉक यांच्या नावावर आहे. तो आपल्याच शिल्पावरून घेतला असं सेल्मा बर्क शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, सिनॉक यांनी ते नाकारलं. या वादाचा निकाल मी लावणार नाही. मला त्यातलं एवढंच सांगायचं आहे की अंध माणूस हे नाणं चटकन ओळखतो: सगळ्यांत लहान, आणि कडेला दाते. सेंट आणि निकेल यांच्या कडा गुळगुळीत असतात. दीड-दोन सेंटिमीटरच्या धातूवर जे जमलं ते साडेसात एकरांवर जमायला हरकत नसावी.

पोलिओ हा आपल्याला ऐकीव विषय नाही. तुमच्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांच्या वर्गात कॅलिपर घालून येणारं एखादं मूल होतं. त्याला शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर कोण चढवायचं, मधल्या सुट्टीत ते कुठे बसायचं, हे आठवून पाहा. भारतातला नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. रविवारी बूथवर पोरांना डोस पाजायला नेलेली पिढी इथे आपल्याच मंडळांत आहे. रूझवेल्ट यांच्या स्मारकाशी आपला संबंध एवढा जवळचा आहे.

दुसरा संबंध आपल्या घरात आहे, आणि तो बोलायला जरा अवघड आहे. मुंबईहून निघताना विमानतळावर व्हीलचेअर मागणाऱ्या आपल्या आई-बाबांची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तीच आई टायडल बेसिनवर, गुडघे सुजलेले असताना, खुर्चीत बसायला तयार होत नाही. “मी काय अपंग आहे का?” मग ती बाकावर बसून राहते, आपण फुलं बघून येतो, आणि तिला फोनवर फोटो दाखवतो. विमानतळावर कुणी ओळखीचं नसतं. सहलीत सगळं मंडळ असतं. रूझवेल्ट यांनाही हीच भीती होती आणि त्यांच्यापाशी ती लपवायला एका देशाचं सरकार होतं. तरी १९४४ मध्ये हवाईतल्या नौदलाच्या रुग्णालयात, हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या वॉर्डातून त्यांनी आपली खुर्ची मुद्दाम सावकाश ढकलून नेववली. आपले निकामी पाय त्या पोरांना दिसावेत म्हणून. आईला ही गोष्ट सांगा, आणि प्रवेशापाशीच्या पुतळ्याशेजारी तिची खुर्ची उभी करा. स्मारकभर वाटा सपाट आहेत, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, खुर्ची ढकलायला एक नातवंड पुरतं.

आता नेमकं काय करायचं ते. प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीने एक छोटा ठराव करावा आणि तो नॅशनल मॉल या स्मारकांच्या परिसराची व्यवस्था पाहणाऱ्या पार्क सर्व्हिसच्या अधीक्षकांना आणि आपापल्या काँग्रेस सदस्यांना पाठवावा. त्यात मागण्या तीनच असाव्यात. योग्य मापाचं ब्रेल. ६० इंचांच्या आत बसवलेल्या, हाताने पाहता येतील अशा पटलांच्या प्रती. आणि त्या प्रती घडवताना, साच्यात ओतण्यापूर्वी, ब्रेल रोज वाचणाऱ्या माणसांकडून तपासून घेणं. तिसरी मागणी सोडू नका. १९९७ मध्ये एका सरावलेल्या वाचकाने मातीच्या नमुन्यावरून बोट फिरवलं असतं तर चूक तिथेच सापडली असती. पैशाचा प्रश्न आला तर आपण गणपतीत, दिवाळीत जशी वर्गणी काढतो तशी काढायची तयारी आहे असं ठरावात लिहायला मला आवडेल. तेलुगू, गुजराती, तमिळ मंडळांनाही विचारा. चेरी बघायला तीही येतातच.

सहलीच्या दिवशी मुलांना कामाला लावा. ब्रेलची बाराखडी छापून द्या आणि पटलांवर किती अक्षरं ओळखता येतात ते बघायला सांगा. डोळ्यांनी ओळखतील. मग डोळे मिटून बोटाने ओळखायला सांगा. तुमच्यात कुणाकडे अंध पाहुणा येणार असेल तर त्याला “इथे काय आहे” ते सांगण्याआधी त्याचा हात जिथवर पोचतो तिथवर पोचू द्या, आणि त्याला काय लागलं ते त्यालाच विचारा. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घेऊन ठरावाला जोडा. अधिकाऱ्यांना आपल्या दहा परिच्छेदांपेक्षा ते अधिक पटेल.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्ककडच्या मंडळांना एक निरोप. तुमच्याकडे रूझवेल्ट आयलंडवर २०२१ पासून मेरेडिथ बर्गमन यांचं शिल्प आहे: चाकाच्या खुर्चीतले रूझवेल्ट आणि कॅलिपर घातलेल्या एका मुलीला पुढे केलेला त्यांचा हात. तिथे मुलांना न्या.

ठरावाचा मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवला आहे. ब्रेलची मापं आणि उंचीचे नियम त्यात दिले आहेत. ज्या मंडळाला हवा असेल त्यांच्या बैठकीला मी स्वतः येऊन तो वाचून दाखवीन, सोबत ब्रेलपाटी आणि ठिपके पाडायची टोचणी, म्हणजे स्टायलस, आणीन, म्हणजे मतदानाआधी सदस्यांना एक ओळ बोटाने वाचून बघता येईल. फेब्रुवारीच्या बैठकीत विषय घेतलात तर बहर यायच्या आत पत्र पोचेल.

आपली,
मेरीलँडमधली एक निवृत्त ब्रेल शिक्षिका